येऊन राहिली

माझ्या मायला खुनाच्या गोष्टी चालत नसत. टीव्हीवर कोणी जमिनीवर आडवं पडलेलं दिसलं, बाजूला रक्त दिसलं, की ती उठून सरळ बटण बंद करायची. "मानूस मेल्यावर शोधून काय करता बाप्पा? तो काय वापस येते?" बाबा गेले तेव्हा मी चौथीत होते. तेव्हापासून आमच्या घरात मेलेल्या माणसाची गोष्ट कोणी हौसेनं पाहिली नाही.

चोरीच्या गोष्टींचं मात्र तिला भारी वेड. मी लहान असताना आमच्या अमरावतीच्या गल्लीत मोजकेच टीव्ही होते, त्यातला एक शेजारच्या काकूंकडे. तिथं एक हिंदी मालिका लागायची. त्यातला जासूस टकला, ढेरपोट्या, कुठंही गेला की शिस्तीत दारात चप्पल काढणार आणि निघताना ती त्याला सापडणार नाही. लोकांचं चांदीचं पानदान शोधून देतो, कुणाचा उडालेला पोपट शोधून देतो, लग्नातून गेलेला शालू शोधून देतो, अन् स्वतः घरी जातो अनवाणी. माय पोट धरून हसायची. "अबे भैताडा, तुह्या मागंच हाये नं चप्पल!" त्या मालिकेत कोणी मरत नसे. शेवटी चोर ओशाळून उभा राहायचा, सगळे त्याला दोन शब्द ऐकवायचे आणि मग मिळून जेवायला बसायचे. मायला ते जेवण फार आवडायचं. गेलं ते सापडलं, अन् कोणाच्या घरचं कोणी कमी झालं नाही, असं ती दरवेळी म्हणायची.

माय फुलं विकायची. अंबादेवीच्या रस्त्यावर तिची जागा होती, झेंडू, शेवंती, हार, गजरे. दिवसभर हार ओवून तिची बोटं पिवळी झालेली असत आणि त्याच बोटानं ती चोर दाखवायची. मालिकेच्या शेवटी जासूस सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करत असे. तो तोंड उघडायच्या आत माय उठायची, टीव्हीजवळ जायची आणि काचेवर एकाच्या कपाळावर बोट ठेवायची. "हा." बाई असली तर, "हे." आमच्या वऱ्हाडात बाईलाही 'हे' अन् 'ते' म्हणतात. ते बाई, हे पोरगी. पुण्याच्या लोकांना त्यात व्याकरण चुकलेलं दिसतं. दिसू दे, आमचं काही अडलं नाही.

काचेवर झेंडूचा पिवळा ठिपका राहायचा आणि काकू बोंबलत पुसायच्या. पण मायचं बोट सहसा चुकत नसे. मी एकदा विचारलं, तुले कसं समजते माय? ती म्हणाली, "तोंडं नोको पाहू. तोंड शिकवलेलं असते. हातं पाह्य. हाताले खोटं बोलता येत नाही." मी मग पडद्यावर हातच पाहत बसायची. कोण पाणी देतं, कोण उगाच पदर चाचपतं, कोण पाहुण्यासाठी खुर्ची पुसतं. आजही माझी ती सवय गेली नाही. अकोल्याला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, अन् बाई माप द्यायला उभी राहिली की मी आधी तिचे हात पाहते.

लग्न होऊन अकोल्याला आले त्याला आता खूप वर्षं झाली. दादा माझ्याहून मोठा. नोकरीचं सगळं आयुष्य पुण्यात काढलं, बायकोही तिकडचीच केली. निवृत्त झाला आणि मायसाठी म्हणून दोघं अमरावतीला परत आले. मोर्शीकडे त्यानं संत्र्याची बाग घेतली, तो दिवसभर तिकडे. घरात माय आणि वहिनी. वहिनी मला 'वन्सं' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागं वळून पाहिलं होतं, कोणाला हाक मारली म्हणून. पण बाई मनाची चांगली. माझ्या भाच्यानं ती जुनी मालिका इंटरनेटवर शोधून मोठ्या टीव्हीवर लावून दिली, तर वहिनी रोज दुपारी मायजवळ बसून ती पाहायच्या. मायची वऱ्हाडी वहिनींना अर्धी कळायची, वहिनींचं शुद्ध बोलणं ऐकून माय गप्प व्हायची, अन् दोघींच्या मधात तो टकला जासूस हिंदीत बोलत राहायचा. त्यांचं बरं चाललं होतं.

मायचं बिघडत चाललंय हे आम्हाला त्या मालिकेमुळंच कळलं. एक दिवस जासूसानं सगळ्यांना गोळा केलं, माय उठली आणि तिनं जासूसाच्याच टकलावर बोट ठेवलं. "यानंच केलं." आम्ही खूप हसलो. दुसऱ्या वेळी पुन्हा तसंच झालं तेव्हा मी वहिनींकडे पाहिलं आणि वहिनींनी माझ्याकडे. त्यानंतर हळूहळू माणसांची नावं गेली. भाच्याचं गेलं, दादाचं गेलं, मग माझं. डॉक्टरांनी सांगितलं, हे वयानं होतं, मागं फिरत नाही, घरात जपा. आम्ही जपत होतो.

माझं दुकान सोमवारी बंद असतं, म्हणून मी दर सोमवारी सकाळच्या गाडीनं अमरावतीला जायची. नाव गेलं होतं तरी मी दारात दिसले की माय म्हणायची, "आली का." त्यात प्रश्न नसायचा. मी आले, एवढंच ती सांगायची. मला तेवढं पुरत होतं. खरं सांगते, नाव घेतलं असतं तरी याच्याहून जास्त काही मिळालं नसतं.

मग इकडे सुनेचं बाळंतपण आलं. दिवस नीट गेले नाहीत, दवाखाना, धावपळ, नंतर बाळाचं न्हाऊमाखू, महिनाभर काही मला अकोला सोडता आलं नाही. त्यात एका दुपारी वहिनींचा फोन आला. आवाज रडका. "वन्सं, आईंना भास होतायत हो. घरात कुणी बाई येऊन राहिली आहे म्हणतात. दाराकडे बोट दाखवतात. मला एकटीला घरात फार भीती वाटते." डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी गोळी दिली, आता आई बराच वेळ झोपून असतात, उठल्या की पुन्हा तेच. मग फोन दादानं घेतला. नागपूरला एक जागा पाहिली म्हणाला. म्हातारी माणसं ठेवतात, चोवीस तास नर्स असते, शनिवारी नेतो. "तू एकदा येऊन भेटून जा."

माझं डोकंच सणकलं. "भेटून जाले ते काय स्टेशनवर बसली हाये का रे? मायले ठेवाले जागा पाहतं अन् मले भेटून जा म्हनतं?" दादा थंडपणे म्हणाला, "तुझ्या वहिनीला रात्रंदिवस घरात भूत दाखवलं तर तिनं राहायचं कसं, ते तूच सांग." मी फोन ठेवला, बाळाला सुनेच्या आईजवळ दिलं आणि दुसऱ्या दिवशीची गाडी धरली.

गाडीत खिडकीशी बसून मी एकच गोष्ट घोळवत होते, कोण ही बाई? आजी असेल का? मायची मोठी बहीण होती, ती विहिरीत पडून गेली, ती असेल का? आमच्याकडे म्हणतात, म्हाताऱ्या माणसाला दारात कोणी दिसायला लागलं की समजावं, न्यायला आले. मी काही अंगारे-धुपारे करणारी नाही, पण मूर्तिजापूर गेलं तेव्हा मी मनातल्या मनात अंबादेवीला हात जोडले. नागपूरला नेल्यावर माय किती टिकेल हेही मला दिसत होतं. आमची माय अंबादेवीच्या रस्त्यापलीकडे कधी एकटी राहिली नाही. नवीन जागा, नवीन बाया, कोणाची बोली ओळखीची नाही. ती तिथं पुतळ्यासारखी बसून राहिली असती आणि मग एक दिवस तीही नसती. मला रडू येत होतं आणि समोर बसलेला माणूस एकटक पाहत होता, म्हणून मी त्याच्यावर डोळे वटारले.

घरी पोचले, लोटलेलं दार उघडलं, तर माय दिवाणावर बसलेली, तोंड दाराकडे. टीव्ही चालू होता, पानदानाचा भाग. मी उंबऱ्यात उभी राहिले. थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"बस वो बाई," ती म्हणाली. "कुठून आली?"

"अकोल्याहून."

"लय दूर पडते," ती म्हणाली आणि पुन्हा दाराकडे पाहायला लागली.

'आली का' नाही. मी तिच्या पायाजवळ पिशवी ठेवली आणि तोंड धुवायचं निमित्त करून मागं अंगणात गेले. नळ मोठा सोडला, म्हणजे रडण्याचा आवाज आत जायला नको. वहिनी स्वयंपाकघरात चहा करत होत्या. चेहऱ्यावर पाणी मारत होते तेवढ्यात त्यांनी हाक दिली, "वन्सं, चहा गाळलाय हो, गार होईल!"

मी तिकडूनच ओरडले, "येऊन राहिली!"

आत खळ्ळकन काहीतरी फुटलं. वहिनी दारात आल्या, पांढऱ्याफटक. "कोण? कोण येऊन राहिली?"

"कोन म्हंजे? मी!"

"तुम्ही? कुठे?"

"चहाले!" मी चिडूनच म्हणाले. "चहाले येऊन राहिली म्हटलं नं वहिनी, आता त्यात एवढं..."

आणि माझाच शब्द माझ्या कानात शिरला. नळ वाहत होता. मी नळ बंद केला.

"वहिनी," मी म्हटलं, "माय नेमकं काय म्हणते ते सांगा. तिचे शब्द सांगा. तुमचे नको."

"म्हणजे... 'ते बाई येऊन राहिली.' असंच."

"'घरात' म्हणते का?"

त्या आठवायला लागल्या. "नाही. 'घरात' म्हणत नाहीत."

"मंग 'घरात' कुठून आलं?"

"ते..." वहिनींनी पदर तोंडाशी नेला. "ते मीच म्हटलं. येऊन राहिली म्हणजे घरातच राहिली ना, वन्सं? कुठेतरी राहिलीच असेल ना?"

"केव्हापासून म्हणते?"

"तुमचं येणं थांबलं त्याच्या नंतर. सोमवारी आंघोळ झाल्याबरोबर दाराकडे तोंड करून बसल्या आणि म्हणायला लागल्या. मग रोजच. मी म्हणायचे, आई, कोणी नाहीये हो, आणि भीतीनं दार लावून घ्यायचे. तर चिडायच्या, 'आहे' म्हणायच्या. नाही, 'हाये, येऊन राहिली ते.'"

मी तिथंच धुण्याच्या दगडावर बसले. वहिनींच्या मराठीत येऊन राहिलेली बाई घरात मुक्कामाला आलेली असते. आमच्या मराठीत ती अजून रस्त्यात असते. गाडीत बसलेली असते, बडनेऱ्याला उतरून ऑटो शोधत असते. जेवून राहिलो, निजून राहिला, पाणी भरून राहिली, आमचं सगळं आयुष्य असं चालू असतं. मायला कोणी दिसत नव्हतं. भूत नव्हतं, आजी नव्हती, न्यायला कोणी आलं नव्हतं. ती महिनाभर सांगत होती की कोणीतरी येतंय, अन् तिला कोणी दार उघडं ठेवू देत नव्हतं.

वहिनींना मी समजावून सांगितलं तेव्हा त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागल्या. "मी माझ्या तोंडानं डॉक्टरांना सांगितलं हो, भास होतात म्हणून." मला त्यांचा राग आला नाही. तिकडे वाढलेल्या माणसाला हे कसं कळावं? राग आला तो आमच्या दादाचा. मी तिथूनच बागेत फोन लावला आणि बोलू दिलं नाही त्याला. सगळं सांगितलं. मग तो बोलला, आणि किती वर्षांनी आमच्या बोलीत बोलला.

"मी मायच्या तोंडून ऐकलंच नाही वं. हे तुही वहिनी मले सांगे, मी डोकं हालवे. मले ऐकाले पायजे होतं."

"नागपूरचं काय?"

"कायचं नागपूर," तो म्हणाला. "गोळीचं डॉक्टरले इचारतो. संध्याकाळी येतो मी, दार उघडं ठेवा."

वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, आता मला भीती नाही. नवीन चहा टाकला. एवढासा शब्द आणि केवढं रामायण झालं, म्हणून आम्ही दोघी हसलोही. मला त्या क्षणी त्या टकल्या जासूसाइतकं शहाणं वाटत होतं. आता सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करावं आणि सांगावं, बाई कोण ते. मी चहाचे कप घेऊन समोरच्या खोलीत गेले, मायसमोर खुर्ची ओढून बसले.

"सरक वो जरा," माय म्हणाली. "दार दिसत नाही."

"कोन येऊन राहिलं माय?"

"ते बाई."

"मी आली नं. मीच ते."

तिनं मान हलवली. फुलाच्या दुकानात घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला हलवायची तशी, हो बाई, बरं बाई. आणि माझ्या खांद्यावरून पुन्हा दाराकडे पाहायला लागली.

तेव्हा मला कळलं की जासूसाची चप्पल कशी हरवते. मी समोर बसले होते आणि माझी माय माझी वाट पाहत होती. नागपूर टळलं होतं, गोळी टळणार होती, पण जिच्यासाठी ती उघड्या दाराशी बसली होती ती मी नव्हते. असं दुःख मला बाबा गेले तेव्हाही झालं नव्हतं. मी खुर्ची बाजूला सरकवली, तिला दार दिसू दिलं.

खाली टोपलीत दादाच्या बागेतली संत्री होती. काहीतरी करायचं म्हणून मी एक उचललं. संत्रं सोलायची मायची एक रीत आहे. देठाकडून नाही, बुडाकडून अंगठा घालायचा, साल फाटू द्यायची नाही, त्याची वाटी करायची. मग फोडीवरचा एकेक धागा काढायचा, वरची शीर दातानं नाही, नखानं उसवायची, बिया त्या वाटीत टाकायच्या. लहानपणी आम्ही वैतागायचो, दे नं माय लवकर. ती म्हणायची, धागा कडू लागते. मी सोलत राहिले. टीव्हीवर पानदानाचा भाग शेवटाला आला होता. जासूस सगळ्यांना दिवाणखान्यात बोलवत होता, आचारी, काका, सून, मुनीम. वहिनी बाहेरच्या दाराशी कप घेऊन उभ्या होत्या.

माय टीव्हीकडे पाहत नव्हती. दाराकडेही नव्हती. ती माझे हात पाहत होती. मी बिया काढल्या, फोड उलटी केली, आतला रस चमकला आणि मी ती तिच्या तोंडाशी नेली. तिनं तोंड उघडलं नाही. तिनं माझं मनगट धरलं. हाताला अजून तशीच ताकद होती, हार ओवणारा हात. माझा अंगठा फिरवून पाहिला, नखात अडकलेला पांढरा धागा पाहिला, सालीची वाटी पाहिली. मग तिनं बोट उचललं.

मला वाटलं, आता दार दाखवेल. वहिनींनाही तेच वाटलं असावं, कारण त्या बाजूला झाल्या.

बोट माझ्या कपाळावर येऊन टेकलं. संत्र्याच्या रसानं चिकट झालेलं.

"हे," माय म्हणाली.

"हे कोन, माय?"

तिनं एकदा दाराकडे पाहिलं, रस्त्यावर कोणी उरलं नाही ना याची खात्री करावी तसं. मग माझ्याकडे पाहिलं.

"आली का," ती म्हणाली.